जुनी जिप्सी घेताय? आधी खाली वाकून पाहा!
1985मध्ये आलेली मारुती जिप्सी आजही भुरळ घालते. बेंगळुरूत अशी पहिलीच जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेणार असाल, तर चकचकीत रंगावर भाळू नका. खाली वाकून चेसिस पाहा; गंजाने पोखरली असेल तर सौदा सोडा. चेसिस आणि इंजिनचा नंबर आरसीशी जुळवा. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, तेही तपासा.

सुटे भाग जे. सी. रोडवर शोधा. गाडीत घरची माणसं बसणार आहेत. म्हणून पहिला खर्च ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरवर, मग इंजिनवर. रंग सर्वांत शेवटी!

आणि हो, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नका. वळताना गिअरवर ताण येतो. ती चिखल-वाळूसाठीच ठेवा.