विहिरीवरचा सौर कॅमेरा रात्री बंद का पडतो?

मोटारीची केबल चोरीला जाऊ नये म्हणून विहिरीवर सौर कॅमेरा लावला, पण रात्री तोच बंद! अशा वेळी आधी आपला ऊस पाहावा. लागणीच्या वेळी पॅनेलवर दिवसभर ऊन होते. आता ऊस दहा-बारा फूट झाला. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी चार्जिंग फार घटते. पॅनेल उसाच्या वर, दक्षिणेला तोंड करून, सुमारे 20 अंश कलते बसवावे. धूळ, पाखरांची घाण ओल्या फडक्याने पुसावी.

खरी गोम वेगळीच असते. वाऱ्याने पाला हलला की कॅमेऱ्याला वाटते, माणूस आला! रात्रभर चित्रण चालते नि बॅटरी उतरते. म्हणून कॅमेऱ्याचे तोंड उसाकडे नको, स्टार्टरच्या पेटीकडे ठेवा. मुळशीच्या पावसात आठ-आठ दिवस ऊन नसते. तेव्हा कॅमेरा उतरवून घरी विजेवर चार्ज करून घ्यावा.