घराच्या सर्व्हेतला विजेचा लाल शेरा
इंग्लंडमध्ये जुनं घर घेण्याआधीच्या सर्व्हेत विजेच्या जोडणीपुढे अनेकदा '३', म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणी, लिहिलेली असते. तेवढ्यावरून व्यवहार मोडण्याची घाई नको. सर्व्हेअर वायरिंगची चाचणी करत नाही, डोळ्यांना दिसेल तेवढंच पाहतो. अलीकडचं चाचणी-प्रमाणपत्र नसलं, तरी हा शेरा पडू शकतो.

खरं उत्तर पात्र इलेक्ट्रिशियनने चाचणी करून दिलेल्या 'ईआयसीआर', म्हणजे विजेच्या जोडणीच्या स्थितीच्या अहवालात मिळतं. त्यात प्रत्येक दोषापुढे एक संकेत असतो. सी१ म्हणजे धोका आत्ताच हजर, उदाहरणार्थ हात लागेल अशी प्रवाह चालू असलेली उघडी तार. सी२ म्हणजे धोका उद्भवू शकतो, जसं अर्थिंग नसणं. सी३ ही केवळ सुधारणेची शिफारस. 'एफआय' म्हणजे आणखी तपास हवा. सी३ वगळता यांपैकी एक नोंद आली, तरी जोडणी असमाधानकारक ठरते.

घरांमध्ये २०१६ पासून नव्या फ्यूजपेट्यांना न जळणारं आवरण लागतं. पण पेटी जुनी, प्लॅस्टिकची आहे एवढ्यानेच घर नापास होत नाही. रबरी आवरणाच्या जुन्या तारा मात्र खरोखर काळजीच्या. रबर कडक होऊन तडकतं आणि बहुधा सगळं वायरिंगच बदलावं लागतं. त्यामुळे ईआयसीआरची चाचणी करार पक्का होण्याआधीच करून घेणं उत्तम. दुरुस्तीचा आकडा हाती असला की किमतीवर बोलता येतं.