नाव नसलेला आजार आणि आपली आरोग्यव्यवस्था

आरोग्यसेवेच्या नियोजनात बहुधा ज्ञात आजारांचाच विचार होतो. क्षयरोग, हिवताप, मधुमेह यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहेत, उद्दिष्टे आहेत, आकडेवारीही आहे. मात्र ज्यांच्या त्रासाला वर्षानुवर्षे नावच मिळत नाही, असा रुग्णांचा एक वर्ग प्रत्येक देशात असतो आणि तो कोणत्याही तक्त्यात सहसा दिसत नाही. सततचा थकवा, सांधेदुखी, पुन्हापुन्हा येणारा ताप, खुंटलेली वाढ, चालताना जाणारा तोल अशा तक्रारी घेऊन तो एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतो. अहवाल ‘सर्व ठीक’ असे सांगतात. त्रास मात्र संपत नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अन्यत्र न बसणाऱ्या लक्षणांसाठी एक संपूर्ण प्रकरण राखून ठेवलेले आहे, यावरूनच या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात यावी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. निदान न झालेला प्रत्येक आजार दुर्मिळच असतो असे नाही. हातापायांना मुंग्या येणे, विसरभोळेपणा व अशक्तपणा यांमागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. फुप्फुसाबाहेरील क्षयरोग कित्येक महिने हुलकावणी देऊ शकतो. थायरॉइडचे विकार नैराश्यासारखे भासू शकतात. म्हणून सामान्य कारणे नीट तपासणे हीच पहिली पायरी होय. ती ओलांडल्यानंतरही उत्तर मिळाले नाही, तर खरी परीक्षा सुरू होते.

ही परीक्षा कशी असते, हे विल्सन आजाराच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. सॅम्युअल किनिअर विल्सन या चेताविकारतज्ज्ञाने १९१२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. आहारातून शरीरात आलेले जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तेराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास हे काम नीट होत नाही आणि तांबे आधी यकृतात, मग मेंदूत व डोळ्यांत साठू लागते. आता लक्षणांचा क्रम पाहा. मुलाला दहाव्या-बाराव्या वर्षी कावीळ होते, ती साधी समजली जाते आणि ओसरतेही. काही वर्षांनी त्याचे हस्ताक्षर बिघडते, बोलणे अडखळते, हात थरथरतात, गुण घसरतात. शाळेत तो आळशी ठरतो, घरी चिडखोर. कावीळ पोटविकारतज्ज्ञाने पाहिलेली असते, थरथर चेताविकारतज्ज्ञाकडे जाते आणि स्वभावातील बदल मानसोपचारतज्ज्ञाकडे. एकच आजार तीन कागदांवर तीन आजार होऊन बसतो. वास्तविक बुबुळाच्या कडेला दिसणारे तपकिरी-हिरवट कडे, रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाचे प्रमाण आणि चोवीस तासांच्या लघवीतील तांबे या तपासण्यांतून बहुतेक वेळा उलगडा होतो. जस्ताचे क्षार, पेनिसिलामाइन यांसारखी औषधे दीर्घकाळ उपलब्ध आहेत. ती आयुष्यभर घ्यावी लागतात. पण वेळीच सुरू झाल्यास मूल शिकते, नोकरी करते. उशीर झाला तर मेंदूची हानी पूर्णतः भरून निघेलच असे नाही. शिवाय सख्ख्या भावंडाला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे एका मुलाचे निदान हे दुसऱ्या मुलासाठी प्रतिबंधच ठरू शकते.

मग विलंब का होतो? केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजारविषयक धोरणात उद्धृत केलेल्या अभ्यासानुसार अचूक निदानास अमेरिकेत सरासरी ७.६ वर्षे, तर ब्रिटनमध्ये ५.६ वर्षे लागतात आणि तत्पूर्वी दोन-तीन चुकीची निदाने होतात. साधनसंपन्न देशांची ही स्थिती असेल, तर आपल्याकडील तालुक्याच्या गावातून महानगरापर्यंतचा प्रवास किती लांब असेल याची कल्पना करता येते. आनुवंशशास्त्राचे सुसज्ज विभाग मोजक्या शहरांत आहेत. जुने अहवाल रुग्णाच्या पिशवीत असतात, दवाखान्यात नसतात. आणि सर्व कागद एकत्र मांडून पाहण्यास गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात उसंत नसते. ‘मनाचे खेळ आहेत’ हा शेरा अशा वेळी सोयीचा वाटतो. स्त्रियांच्या वाट्याला तो अधिक येतो, असे खेदाने नमूद करावे लागते.

धोरणाच्या पातळीवर या प्रश्नाला चालना मिळाली ती न्यायालयातून. गॉशे या आजाराने ग्रस्त बालकाच्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला. २०१७ मध्ये पहिले धोरण तयार झाले. अंमलबजावणीतील अडचणींमुळे ते स्थगित ठेवून पुनर्विचार झाला आणि मार्च २०२१ मध्ये ‘राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण’ मंजूर झाले. त्यात आजारांचे तीन गट आहेत: एकदाच उपचार करून बरे होऊ शकणारे, दीर्घकाळ पण तुलनेने अल्प खर्चाचे उपचार लागणारे, आणि आयुष्यभर अतिशय महाग उपचार लागणारे. प्रारंभी २० लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य पहिल्या गटापुरते होते. मे २०२२ मध्ये ते ५० लाखांपर्यंत वाढवून तिन्ही गटांना लागू करण्यात आले. उपचार निर्दिष्ट उत्कृष्टता केंद्रांत घ्यावे लागतात. सुरुवातीच्या आठ केंद्रांत दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व मुंबईतील के. ई. एम. रुग्णालय यांचा समावेश होता. पुढे ही संख्या वाढली. तपासणीच्या सुविधांसाठी प्रत्येक केंद्रास ५ कोटी रुपयांपर्यंत एकरकमी अनुदानाची तरतूद आहे.

परंतु बारकाईने पाहिल्यास एक अडचण दिसते. रुग्णाला मिळणारे हे साहाय्य धोरणात सूचीबद्ध असलेल्या आजारासाठी आहे. सूचीत येण्यासाठी नाव हवे आणि नावासाठी निदान. ज्याची वाट निदानाआधीच अडली, त्याच्यापर्यंत ५० लाखांची तरतूद पोहोचत नाही. याच कारणाने आकडेवारीही तोकडी राहते. जगात सुमारे ७ ते ८ हजार दुर्मिळ आजार मानले जातात. भारतात मोठ्या रुग्णालयांतून नोंदले गेलेले सुमारे ४५० आहेत, असे धोरणच सांगते. पुरेशा माहितीअभावी त्याने दुर्मिळ आजाराची संख्यात्मक व्याख्याही केलेली नाही. निदान नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून व्याख्या नाही, आणि व्याख्येवाचून खर्चाचा अंदाज बांधता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय नोंदवहीचे महत्त्व येथे आहे.

हे चक्र भेदण्याचे मार्ग दोन टोकांना आहेत. एक गावपातळीवर: २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब यांसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. दुसरा प्रयोगशाळेत. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये ‘उम्मीद’ उपक्रमातून आनुवंशिक विकारांसाठी निदान केंद्रे उभारण्यास आरंभ केला. जनुकीय वाचनातून मात्र अनेकदा ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ एवढेच हाती येते, कारण तुलनेसाठीची जागतिक माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. जिनोम इंडिया प्रकल्पातून १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, तिचा खरा उपयोग येथे होईल.

तोपर्यंत रुग्णाला जगायचे असतेच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. चालण्यातील अडथळा मोजता येतो, त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. पण दर दिवशी वेगळा असणारा थकवा वा वेदना यांसाठी त्या यादीत स्वतंत्र रकाना नाही. परीक्षेला बसणाऱ्या अशा विद्यार्थ्याने जादा वेळ मागितला, तर अर्जातील आजाराच्या नावाची जागा त्याने कशी भरावी, याचे उत्तर आज कोणत्याही नियमात स्पष्टपणे आढळत नाही.