बीडच्या जुन्या वस्तीची वास्तुगणना

बालाघाटाच्या डोंगरांतून उतरून सिंदफणेकडे धावणारी बिंदुसरा ज्या नगराचे दोन भाग करते, ज्याने यादवांपासून आसफजाहीपर्यंत अनेक राजवटींचे उदयास्त पाहिले आणि ज्याच्या जुन्या वेशींची नावे आजही माणसांना पत्ता सांगताना उपयोगी पडतात, त्या बीड शहराच्या मध्यवस्तीत सध्या एक मोठे स्थित्यंतर घडत आहे. कोतवाली वेस, राजुरी वेस, बशीरगंज या परिसरांत दगडी जोत्यावरचा एखादा माळवदी वाडा आणि त्याच्या भिंतीला खेटून उभी असलेली काँक्रीटची चौमजली इमारत हे दृश्य नित्याचे झाले आहे. पूर्वी केवळ रस्त्यांच्या आधारे चालणाऱ्या या शहरापर्यंत २०२५ मध्ये अहिल्यानगरकडून रेल्वे येऊन पोहोचली. आणि रेल्वे येते तेव्हा जमिनीचे मोल, रस्त्यांची रुंदी व इमारतींची उंची या तिन्हींविषयीच्या अपेक्षा वाढतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. पुनर्विकास अटळ आहे आणि अनेक ठिकाणी तो इष्टही आहे. मात्र जे पाडावयाचे, बदलावयाचे अथवा राखावयाचे, त्याची पद्धतशीर नोंद आधी झाली पाहिजे. हा क्रम उलटला, तर पुढे कितीही पश्चात्ताप केला तरी तो दुरुस्त करता येत नाही. या लेखाचे प्रयोजन हा क्रम समजावून सांगणे हेच आहे.

बीडच्या वारशाचा विषय निघाला की काही नावे तत्काळ पुढे येतात: जलकुंडाच्या मध्यभागी उभे असलेले कंकालेश्वराचे प्राचीन देवालय, दोन उंच दीपमाळांनी दुरूनही ओळखू येणारे खंडोबाचे मंदिर, निझामशाहीच्या काळात बांधलेली आणि भूमिगत कालव्यांच्या योजनेने शेतीला पाणी देणारी खजाना विहीर, जुनी जामा मशीद, महादजी शिंदे ज्यांना गुरुस्थानी मानीत त्या मन्सूरशहांचा दर्गा. या वास्तूंची महती निर्विवाद आहे. तथापि केवळ देवालये, दर्गे आणि विहिरी यांनी नगर बनत नाही. ज्या घरांतून माणसे देवळाकडे अथवा मशिदीकडे निघाली ती घरे, ज्या ओट्यांवर बसून धान्याचे आणि कापडाचे सौदे झाले ते ओटे, ज्या ढाळजेत गावकीचे तंटे मिटले ती ढाळज, हे सर्व मिळून नगराचे शरीर घडते. आणि नेमका हाच भाग कोणत्याही यादीत नसतो. निझामाच्या राज्यात १९१४ साली गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली पुराणवस्तू खात्याची स्थापना झाली, तेव्हा त्या खात्यापुढे अजिंठा-वेरूळसारखी प्रचंड कामे होती. केंद्र सरकारचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा हे दोन्हीही स्वभावतः एकेका वेगळ्या काढता येणाऱ्या स्मारकाकडे पाहतात. सामान्य वाड्यांची संपूर्ण गल्ली त्यांच्या दृष्टीत सहजासहजी मावत नाही.

ही उणीव भरून काढण्याची सोय नगररचनेच्या कायद्यात मुळातच आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ मध्ये, विकास योजनेने ज्या बाबींचा विचार करावयाचा त्यांत ऐतिहासिक व वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या रचनांचे जतन ही बाब समाविष्ट आहे. आणि कलम २५ नुसार योजनेचा मसुदा करण्यापूर्वी जमिनीच्या विद्यमान वापराचे सर्वेक्षण करून नकाशा तयार करणे नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक आहे. पण हा नकाशा बहुधा रंगांची भाषा बोलतो: निवासी भाग एका रंगात, व्यापारी दुसऱ्या, सार्वजनिक तिसऱ्या. कोरीव खांबांचा, शतकाहून जुना वाडा आणि गेल्या वर्षी उठलेली इमारत या नकाशावर एकाच रंगात सारख्याच दिसतात. योजनाकाराची रस्ता-रुंदीकरणाची रेघ त्या रंगावरून जाते तेव्हा ती कशावरून गेली, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. ज्या नकाशाने वाड्याचे अस्तित्व कधी सांगितलेच नाही, त्यावर काम करणाऱ्या माणसाला केवळ दोष देऊन भागणार नाही.

योजनेआधी सर्वेक्षण हे तत्त्व आपल्याकडे आग्रहाने मांडणारा पुरुष म्हणजे पॅट्रिक गेडेस. हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये भारतात आला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आपले थोर समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या विद्याजीवनाला वळण देण्यात त्याचा वाटा होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने दाट वस्त्या पाडून त्यांतून रुंद सरळ रस्ते काढले होते, आणि इतर शहरांनाही तोच मार्ग अनुकरणीय वाटत होता. गेडेस जेथे जाई तेथे प्रथम जुन्या गल्ल्यांतून पायी हिंडे; कोणते घर खरोखर मोडकळीस आले आहे, कोठे एक भिंत काढली तर हवा खेळेल, कोठल्या पारावर स्त्रिया आणि मुले बसतात, हे पाही आणि मगच आपला अभिप्राय देई. बडोदे, इंदूर अशा संस्थानांसाठी त्याने केलेल्या अहवालांत हीच दृष्टी आहे. कुशल वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून शस्त्र उचलीत नाही, तसे नगररचनाकाराने वागावे, आणि जेथे छेद घ्यावाच लागेल तेथे तो लहानात लहान असावा, असे त्याच्या पद्धतीचे सार सांगता येईल.

अशी वास्तुगणना प्रत्यक्षात कशी होते? तिचा आरंभ दफ्तरखान्यात होतो. नगर भूमापनाचे नकाशे आणि मिळकत पत्रिका यांवरून प्रत्येक घराची हद्द, क्षेत्र आणि मालकीचे फेरफार कळतात. परंतु मराठवाड्यात एवढ्याने भागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत येथील सरकारी कारभार उर्दूत चालत असल्यामुळे जुने दस्तऐवज, सनदा, इनामांचे मुंतखब आणि इमारतींविषयीचे कागद त्या भाषेत आहेत; आणि घराण्यांच्या पेट्यांतून जपलेले त्याहून जुने कागद अनेकदा मोडी लिपीत आहेत. म्हणून बीडसारख्या नगराच्या सर्वेक्षणात वास्तुविशारद आणि भूमापक यांच्या जोडीला उर्दू व मोडी वाचणारी माणसे असणे अत्यावश्यक ठरते. एखाद्या वाटणीपत्रात ओसरी, चौक, आड, बळद यांची केलेली विभागणी ही त्या वाड्याच्या मूळ रचनेचा सर्वांत विश्वसनीय पुरावा असू शकते.

दुसरी पायरी गल्लीतली. प्रत्येक इमारतीला क्रमांक द्यावयाचा, दर्शनी बाजूचे छायाचित्र घ्यावयाचे, मजले, भिंतींचे साहित्य, छताचा प्रकार, सध्याचा वापर आणि स्थिती ठरावीक पत्रकात भरावयाची. बांधकामाचा लेख कोठे सापडला नाही तरी वास्तू आपले वय अनेक खुणांनी सांगते. पातळ विटा आणि चुन्याचा दर्जा नोंदीत असावा लागतो तो याचसाठी. लाकडी तुळईऐवजी लोखंडी गर्डर दिसला, मातीच्या धाब्यावर शहाबादी फरशी आली, की नव्या काळाने त्या घरात केव्हा प्रवेश केला याचा अंदाज बांधता येतो. तिसरी पायरी घराच्या आतली. निवडक वास्तूंची फितीने, ओळंब्याने आणि आता लेसर उपकरणांनी मापे घेऊन तळनकाशा, छेद आणि दर्शनी चित्र काढले जाते. आणि त्याच बैठकीत घरातल्या वृद्धांना विचारून कोणती खोली कोणत्या कामाची, कोठला भाग कोणी वाढविला, नदीच्या पुराचे पाणी कोठवर चढले होते, हे टिपून घेतले जाते. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेने नदीकाठच्या वस्तीची जी हानी केली तिच्या खुणा आणि आठवणी अशा नोंदीत आल्या, तर वारशाबरोबर पूररेषेच्या विचारालाही त्यांचा आधार मिळेल.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांविषयी बोलताना किल्लारीचे स्मरण टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली, आणि त्यांतली बहुसंख्य दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या दिवसापासून माळवदी घर म्हणजे मृत्यू अशी धास्ती शेजारच्या जिल्ह्यांतही घर करून राहिली, आणि ती निराधार म्हणता येत नाही. जाड भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन पडद्यांमध्ये गोटे आणि माती भरलेली, त्या दोहोंना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर दर पावसाळ्याआधी चढत गेलेल्या पांढऱ्या मातीच्या थरांचा भार. जमीन हादरताच अशा भिंती फुटल्या. परंतु पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना आणखी एक गोष्ट दिसली: अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभाच राहिला होता. म्हणजे दोष भिंतीच्या बांधणीत आणि छताच्या भारात होता, तर सागवानी खणांच्या रचनेत सामर्थ्य होते. सर्वेक्षकाने हा भेद प्रत्येक घरात जाऊन पाहिला पाहिजे. आरपार दगड बसवून, मातीचे अनावश्यक थर उतरवून, सांगाड्याचे सांधे बळकट करून जे घर सुरक्षित करता येते आणि ज्याचा सांगाडाच कुजला आहे, त्या दोहोंना एकाच धास्तीने पाडणे जितके अविचाराचे, तितकेच केवळ जुने म्हणून धोकादायक घरात माणसांना राहावयास लावणे अमानुष आहे. जतनाचा आग्रह धरणाऱ्याने माणसाच्या जिवाची जबाबदारी प्रथम पत्करली पाहिजे.

नोंदीनंतर मूल्यनिर्णय येतो. मुंबईने १९९५ मध्ये लागू केलेल्या, आणि भारतात या प्रकारच्या पहिल्या ठरलेल्या वारसा नियमावलीने वास्तूंची तीन श्रेणींत वर्गवारी केली: पहिलीत राष्ट्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाच्या, जेथे बाह्यांगाला व अंतरंगाला सहसा हात लागू नये अशा, दुसरीत प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या, तिसरीत नगराच्या दृश्याला व्यक्तित्व देणाऱ्या, ज्यांत बदलाला बराच वाव असतो अशा. राज्यातील बहुतेक शहरांना २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही वारसा-जतनाच्या तरतुदी आहेत. तेव्हा बीडला वेगळा कायदा मागावयाचा नाही. त्या तरतुदींना लागणारी यादी तेवढी हवी आहे. श्रेणी देताना बीडसारख्या ठिकाणी समूहमूल्याचा विचार विशेष झाला पाहिजे, कारण एकटा वाडा कदाचित साधारण ठरेल, पण एका रांगेत, एका उंचीचे, एकाच प्रकारच्या ओट्यांचे सात-आठ वाडे मिळून जी गल्ली होते ती असाधारण असू शकते.

यादीचे नाव काढताच मालकाच्या मनात शंका येते, आणि ती आदराने ऐकून घेतली पाहिजे. वाड्यात चार भावांचे वारस, एकाची इच्छा विकण्याची, दुसऱ्याची दुकान काढण्याची, दुरुस्तीला पैसा कोणापाशीच नाही, अशा स्थितीत घराला वारसा म्हणणे म्हणजे त्याच्या हाती बेडी घालणे, असे त्याला वाटले तर नवल नाही. म्हणून यादीचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे, प्रत्येक मालकाला त्याच्या घराविषयीची नोंद वाचावयास देणे आणि जतनाबद्दल करात सवलत, दुरुस्तीस तांत्रिक साह्य अथवा न वापरलेल्या बांधकाम-हक्काचे अन्यत्र हस्तांतरण असा काही मोबदला देणे ही न्यायाची किमान अट आहे. समाजाला ज्याचा अभिमान वाटतो त्याचा खर्च एकट्या घरमालकाने सोसावा, ही अपेक्षा कोणत्याही तत्त्वाने समर्थनीय नाही.

जे वाचविता येणारच नाही, त्याच्याही नोंदीचे मोल किती असते, याची साक्ष पोलंडच्या राजधानीने दिली आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वॉर्सा शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. पण तेथील तंत्रविद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागात युद्धापूर्वी आणि युद्धकाळातही गुरुशिष्यांनी मोजून काढलेली जुन्या इमारतींची रेखाटने शहराबाहेर एका मठात लपवून वाचविण्यात आली होती. युद्धानंतर ज्या आधारांवर जुने नगर पुन्हा उभे राहिले, त्यांत ही विद्यार्थ्यांची मापे होती. आणि १९८० मध्ये युनेस्कोने त्या पुनर्निर्मित नगराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

वॉर्सातल्या विद्यार्थ्यांनी जे प्राणसंकटात केले, ते बीडच्या विद्यार्थ्यांना शांततेच्या काळात करता येण्यासारखे आहे. शहरातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी कागद वाचावे आणि वृद्धांच्या आठवणी टिपाव्या, मराठवाड्यातल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मापे घ्यावी, भूमी अभिलेख खात्याने नकाशे पुरवावे आणि नगरपरिषदेने या सर्वांचे एक अधिकृत दफ्तर करून ते कोणाही नागरिकाला पाहता येईल असे ठेवावे. आरंभ संपूर्ण शहराने करण्याची गरज नाही; एका वेशीपासून पुढल्या चौकापर्यंतची एक गल्ली पुरे आहे. विकास योजनेच्या पुढल्या फेरविचाराच्या वेळी योजनाकाराच्या मेजावर रंगीत नकाशाशेजारी ही नोंदवही असेल, तर रस्त्याची रेघ ओढताना त्याला घराघराचा विचार करावा लागेल. आणि जे पाडले जाईल ते विचारपूर्वक पाडले गेले, असे पुढल्या पिढीला सांगण्याचे नैतिक बळ या पिढीपाशी राहील.