फेनिटॉइन आणि तिकिटांची रांग

शांती नगरमधून सकाळी मीरा रोड स्थानकाकडे निघालेला माणसांचा लोंढा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अपस्मारावरील एका जुन्या औषधाचा स्वभाव चटकन समजेल. हे औषध म्हणजे फेनिटॉइन.

अपस्मार, म्हणजेच फेफरे किंवा आकडी, हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतील चेतापेशींचा एखादा गट एकाच वेळी अतिवेगाने विद्युत संदेश सोडू लागला, की झटका येतो. सोडियमचे आयन ज्या मार्गांनी चेतापेशीत शिरतात, ते मार्ग फेनिटॉइन घाईघाईने पुन्हापुन्हा उघडू देत नाही. नेहमीच्या संदेशांना मात्र ते फारसे आडवे येत नाही. १९०८ साली जर्मनीत हाइनरिख बिल्ट्स यांनी हा पदार्थ तयार केला. त्याचा अपस्मारावरील उपयोग दाखवला तो १९३८ साली बॉस्टनच्या मेरिट आणि पुटनम यांनी.

आता रांगेकडे वळू. समजा, तिकिटांच्या पाच खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकी मिनिटाला चार जणांना तिकीट देते. मिनिटाला १८ प्रवासी आले तर गर्दी साचत नाही. २२ आले तर दर मिनिटाला दोघे मागे राहतात आणि तासाभरात रांग १२० जणांची होते. येणारे वाढले फक्त चार!

यकृतातील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, ही फेनिटॉइनच्या निचऱ्याच्या खिडक्या होत. पुष्कळशा औषधांची मात्रा दुप्पट केली, तर रक्तातील प्रमाणही दुप्पट होते. फेनिटॉइनच्या नेहमीच्या मात्रेतच या खिडक्या जवळजवळ भरून गेलेल्या असतात. त्यामुळे मात्रा थोडी वाढली तरी रक्तातील प्रमाण एकदम चढते. बहुतेक रुग्णांत ते रक्तरसाच्या दर मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. कमी झाले तर झटके परततात. जास्त झाले तर बुबुळे थरथरतात, तोल जातो, जीभ अडखळते, सुस्ती येते.

१९६८ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात अनेक रुग्णांत अशी लक्षणे दिसली. मात्रा तीच होती. बदलली होती ती कॅप्सूलमधील निष्क्रिय भुकटी. कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज वापरल्याने औषध अधिक प्रमाणात शोषले जात होते! म्हणून गोळीची कंपनीदेखील डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या वाढतात, म्हणून दात स्वच्छ ठेवावेत. गर्भालाही त्यापासून धोका संभवतो. मात्र मुलींनी परस्पर औषध न सोडता आधीच डॉक्टरांशी बोलावे. औषध अचानक थांबवल्यास झटक्यांमागून झटके येऊन जिवावर बेतू शकते.

शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू: हे औषध घेणारा विद्यार्थी अचानक अडखळू लागला, वर्गात पेंगू लागला, तर त्याला आळशी ठरवण्याआधी पालकांना कळवा. झटका आल्यास त्याला कुशीवर वळवा, जवळच्या टणक वस्तू दूर करा आणि तोंडात काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही. पाच मिनिटांत तो थांबला नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि मूल शुद्धीवर येईल तेव्हा त्याच्याभोवती बघ्यांचे कडे नसेल, एवढे पाहा.