पेटीतली कसर

रमजान जवळ आला की आमच्या घरी माळ्यापासून ओसरीपर्यंत साफसफाई निघते. यंदा दादींची लोखंडी पेटी कित्येक वर्षांनी उघडली. तळाशी दादाजानची पत्रे होती. ते जहाजावर खलाशी होते, महिनोन्‌महिने घरापासून दूर असत, तेव्हाची ही पत्रे. दादींनी ती रुमालात बांधून जपली होती. गाठ सोडली आणि चार-पाच चंदेरी किडे सरसर पळाले. लिफाफ्यांच्या कडांचा डिंक फस्त झाला होता. काही ओळी कागदाच्या पापुद्र्यासह गेल्या होत्या. दादी काही बोलल्या नाहीत, एक पत्र हातात घेऊन बसून राहिल्या.

हीच ती कसर. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, बिनपंखी, माशासारख्या आकाराची, मागे शेपटीसारखे तीन केस. ती चावत नाही, रोगही पसरवत नाही. पण खळ, डिंक, कांजी, पीठ, कागद हे तिचे अन्न. अन्न मिळाले नाही तरी ती महिनोन्‌महिने तग धरते आणि काही वर्षे जगते. तिला अंधार, ओल आणि निवांतपणा हवा असतो. कोकणातल्या पावसाळ्यात आपण तिला हे तिन्ही देतो.

मग इतर सामानही पाहिले. वरच्या फळीवर जुजदानात ठेवलेल्या कुरआन शरीफच्या जुन्या प्रतीची जिल्दही कसरीने कुरतडली होती. रेहालवरच्या, रोज तिलावत होणाऱ्या प्रतीला मात्र काहीच झाले नव्हते. ज्याला रोज हात लागतो, त्यात कसर सहसा घर करत नाही.

पहिला उपाय ओलीवर. आमची पेटी न्हाणीघराच्या भिंतीला टेकून होती. ती हलवली, खाली विटा ठेवल्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडले. गळका नळ दुरुस्त केला. कपाटाच्या मागे हवा खेळू दिली. फटी सिमेंटने बुजवल्या. जुन्या खोक्यांची आणि वर्तमानपत्रांची रद्दी काढून टाकली. खळ दिलेले कपडे आता धुऊन, खळ काढूनच पेटीत जातात.

दुसरा उपाय सापळ्याचा. काचेच्या बरणीत चिमूटभर पीठ टाकायचे आणि बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळायची. पट्टीच्या खरखरीत बाजूने कसर वर चढते, आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला बाहेर येता येत नाही. रात्री ठेवा, सकाळी पाहा. किती पडल्या यावरून घरात कसर किती आहे याचाही अंदाज येतो.

पुस्तकांना लागली असेल तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पुस्तक खोलीइतके उबदार झाल्यावरच उघडावी, नाहीतर कागदावर पाणी धरते. जुने कागद कडक उन्हात घालू नयेत, ते तडकतात. सावलीत, वाऱ्यावर ठेवावेत आणि मऊ ब्रशने झाडावेत.

कडुलिंबाचा पाला किंवा लवंग ठेवायला हरकत नाही, पण तेवढ्याने लागलेली कसर जात नाही. डांबरगोळ्यांबाबत सावध राहा. घरात तान्हे मूल असेल तर त्याच्या कपड्यांत आणि दुपट्यांत त्या मुळीच ठेवू नका. काही बाळांच्या शरीरात जन्मजात एका घटकाची कमतरता असते. अशा बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. बोरिक पावडर वापरलीच, तर मुलांचा आणि मांजराचा हात-तोंड पोहोचणार नाही अशा फटीतच टाका.

कुरआन शरीफची ती प्रत आम्ही जिल्द बांधणाऱ्याकडे दिली. निकाहनामा, जमिनीचे कागद आणि पत्रे यांचे फोटो काढून ठेवले. पत्रे आता घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात आहेत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

महिन्यातून एकदा डबा उघडतो आणि एक पत्र मोठ्याने वाचतो. कसरीने खाल्लेल्या ओळी दादींना अजून पाठ आहेत. त्या सांगतात, आम्ही वहीत लिहून घेतो.