पाचगणीचा पियानोवाला आणि वेम्बलीची मैफल



‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा २०१८ सालचा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची ती कथा. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमापाशी सिनेमा संपतो आणि आपण डोळे पुसत उठतो. पण फ्रेडीच्या आयुष्यातला एक भाग सिनेमात दाखवलेला नाही आणि तो आपल्या घाटावरचा आहे. त्याच्या मृत्यूनंतर मित्रांनी जे केलं, तेही शेवटच्या दोन-चार ओळींत उरकलं आहे. मला या दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्यांचा आपल्या बेळगाव-निपाणी भागाशी जवळचा संबंध आहे.

पाचगणीतला मुलगा

फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबारमधल्या पारशी कुटुंबात. आठ वर्षांचा असताना आई-वडिलांनी त्याला बोटीने हिंदुस्थानात पाठवलं, ते थेट पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. पियानोचं शिक्षण त्याला तिथेच मिळालं. १९५८ च्या सुमारास त्याने आणि चार शाळासोबत्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात फारुख पियानो वाजवायचा आणि मुख्य गायक दुसराच होता! पुढे जगाने ज्याचा आवाज डोक्यावर घेतला, तो पाचगणीत मागे बसून साथ करत होता.

१९६४ साली झांजिबारमध्ये उठाव झाला आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर क्वीन उभा राहिला. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. हे चौघे शेवटपर्यंत एकत्र राहिले.

एका दिवसाचं सत्य

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीने निवेदन काढून जगाला सांगितलं की आपल्याला एड्स आहे. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय फक्त ४५. त्याआधी वर्तमानपत्रं त्याच्या घराबाहेर टपून असायची आणि बँडमधले मित्र कोणालाही काही कळू देत नव्हते. आज वापरतात ती प्रभावी एकत्रित औषधं १९९६ च्या सुमारास आली. १९९१ मध्ये या आजाराचं नाव घेणं म्हणजे जवळजवळ मरणाचंच नाव घेणं होतं, आणि वर लोक काय म्हणतील ते वेगळंच.

आपल्याकडे भजनी मंडळातला एखादा पखवाजवाला गेला, तर मंडळ त्याच्या दारी जाऊन भजन करतं. बोलून जे सांगता येत नाही ते टाळ-मृदंगातून सांगितलं जातं. क्वीनच्या तिघांनीही तेच केलं, फक्त त्यांचं अंगण मोठं होतं. १९९२ च्या फेब्रुवारीत ब्रिट पुरस्कार सोहळ्यात त्यांनी फ्रेडीसाठी मैफल जाहीर केली. बाकी कोण गाणार हे ठरायच्या आतच सगळी तिकिटं काही तासांत संपली.

२० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ७२ हजार लोक जमले. सुरुवातीला मेटॅलिका, डेफ लेपर्ड, गन्स एन रोझेस असे बँड वाजवून गेले. मग मे, टेलर आणि डीकन मंचावर आले. गायकाच्या जागी एकच माणूस नव्हता. डेव्हिड बोवी, ॲनी लेनॉक्स, जॉर्ज मायकेल, एल्टन जॉन, लायझा मिनेली असे एकामागून एक येत गेले. बोवीने तर मंचावर गुडघे टेकून प्रार्थना म्हटली. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर गायला नाही, बोलायला आली होती. एड्स कोणालाही होऊ शकतो, स्वतःला जपा, असं तिने त्या तरुण गर्दीला स्पष्ट शब्दांत सांगितलं. जगभर लाखो घरांतल्या टीव्हीवर हा आजार पहिल्यांदाच असा उघडपणे बोलला गेला असेल.

जमलेल्या पैशातून ‘मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. आजही तो एचआयव्ही-एड्ससाठी काम करणाऱ्या जगभरातल्या संस्थांना मदत करतो. मैफल एका दिवसाची होती, तिच्यातून उभं राहिलेलं काम तीस वर्षांहून जास्त चाललं आहे.

असं करणारे क्वीन एकटेच नाहीत. अमेरिकेतल्या रामोन्स या पंक बँडचे दोन साथी आधीच गेले होते आणि तिसरा, जॉनी, कॅन्सरने अंथरुणाला खिळला होता. २००४ च्या सप्टेंबरमध्ये उरलेले सोबती कॅन्सर संशोधनासाठी मंचावर आले. तीनच दिवसांनी जॉनीही गेला.

हा हायवे आपलाच आहे

बेळगावहून पाचगणीला जायचं तर निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा असा पुणे-बंगळूर हायवे धरायचा. आमचं जांबोटी चोर्ला घाटाच्या रस्त्यावर. गोव्याकडे जाणारे ट्रक आम्ही लहानपणापासून बघत आलो. याच रस्त्यांवरून एचआयव्हीही आपल्या भागात पसरला. बेळगाव आणि बागलकोट हे जिल्हे एकेकाळी जास्त प्रादुर्भावाच्या यादीत होते. आमच्या भागात असं एखादं तरुण मरण झालं की “टीबी होता” म्हणायचे आणि विषय तिथेच बंद. मागे राहिलेल्या बायकोच्या वाट्याला काय यायचं, ते सांगायला नको.

योगायोग पाहा. वेम्बलीची मैफल झाली त्याच १९९२ साली सांगलीत मीना सरस्वती शेषू यांनी ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली. जिच्याकडे सगळे बोट दाखवत होते, त्या धंद्यातल्या बाईलाच त्यांनी कार्यकर्ती केलं. कंडोम वाटणं, समजावणं, दवाखान्यात सोबत जाणं ही कामं त्या बायकांनीच हातात घेतली. त्यातून पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेलगतच्या उत्तर कर्नाटकात हे काम पोचलं. ना स्टेडियम, ना टीव्ही. पण उघड बोलायचं धाडस तेच.

आज आपल्याला काय माहीत हवं

आपल्या पिढीसाठी चित्र खूप बदललं आहे, फक्त माहिती हवी.

* २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. चाचणी आणि समुपदेशनही मोफत आणि गुप्त असतं.
* रोज गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही.
* एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच भांडं वापरल्याने एचआयव्ही होत नाही.
* २०१७ च्या कायद्यानुसार एचआयव्हीमुळे नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याचं घर नाकारणं बेकायदा आहे.
* १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे.

आपल्या मंडळांत गणपतीचे कार्यक्रम होतात, ऑर्केस्ट्रा येतात, गेलेल्या माणसाच्या नावाने करंडकही ठेवले जातात. त्या जोडीला आणखी एक गोष्ट करता येईल. आपला माणूस कशाने गेला त्या आजाराचं नाव घ्यायचं आणि त्यावर काम करणाऱ्यांना हातभार लावायचा. कॅन्सर असो, किडनी असो, दारू असो की एचआयव्ही. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो. त्या दिवशी क्वीनचं एखादं गाणं लावा आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांशी या विषयावर मोकळेपणाने बोला. पाचगणीच्या त्या पियानोवाल्याची आठवण काढायला एवढं पुरे.